भारहुतचा कठडा : एक वाचन

प्राचीन बौद्ध शिल्पाचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम लेणी उभी राहतात. कार्ले, भाजे, अजिंठा, नाशिकची पांडवलेणी ही आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांची परिचयाची स्थळे. लेण्याचा मोठा गुण असा, की ते जागचे हलत नाही. ज्या डोंगरात ते कोरले गेले त्या डोंगराबरोबरच ते म्हातारे होते. परंतु नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या वाट्याला बौद्ध शिल्प येते ते बहुधा तुकड्यांच्या रूपाने. चुन्याविटांचा बांधीव स्तूप ढासळतो, त्याच्या विटा गावात जातात, त्याचे कोरीव दगड संग्रहालयात जातात. आणि मग एखाद्या शनिवारी दुपारी आम्ही तिकीट काढून त्या दगडांपुढे जाऊन उभे राहतो. अशा तुकड्यांकडे पाहावे कसे, हा प्रश्न आमच्या मनात गेली काही वर्षे घोळत आहे. त्याचे जे अर्धेमुर्धे उत्तर आम्हांला सापडले ते येथे मांडण्याचा विचार आहे.

आमची बदली कलकत्त्याला झाली तेव्हा चौरंगीवरील ‘इंडियन म्यूझियम’ची आम्हांला केवळ ऐकीव माहिती होती. बंगाली माणूस त्याला ‘जादूघर’ म्हणतो. १८१४ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात भारहुतच्या स्तूपाचा कठडा आणि त्याचे पूर्वेकडील तोरण पुन्हा उभे केलेले आहे. भारहुत हे आजच्या मध्यप्रदेशातील सतना जिल्ह्यातले एक खेडे. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम तेथे गेला, तेव्हा प्रत्यक्ष स्तूपाचा बहुतेक भाग नाहीसा झाला होता. आसपासच्या लोकांनी त्याच्या विटा घरे बांधण्यासाठी नेल्या होत्या. मातीच्या ढिगाऱ्याखाली तांबूस वालुकाश्माच्या कठड्याचे भाग मात्र दबून राहिले होते. पुढील वर्षी तेथे उत्खनन झाले, निघालेल्या शिळा कलकत्त्यास आणल्या गेल्या आणि १८७९ साली कनिंगहॅमचा भारहुतवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कठड्याला मूळचे ८० खांब होते असा हिशेब आहे. त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक हाती लागले. बाकीचे कुणाच्या उंबरठ्याखाली गेले, कुणाच्या छपराला आधार झाले. त्यांतील काही पुढे आसपासच्या खेड्यांतून मिळाले व अलाहाबादच्या संग्रहालयात जाऊन बसले.

कठड्याची रचना साधी आहे. उभे खांब म्हणजे स्तंभ. दोन स्तंभांना जोडणारे आडवे दगड म्हणजे सूची. आणि सर्वांच्या माथ्यावरून फिरणारी जाड पट्टी म्हणजे उष्णीष. एके काळच्या लाकडी कुंपणाचीच ही दगडी आवृत्ती होय, हे त्याच्या सांध्यांवरून कुणाही सुताराच्या लक्षात येईल. स्तंभांवर व सूचींवर वर्तुळे कोरलेली असून त्या वर्तुळांत कमळे, माणसे, प्राणी आणि जातककथा आहेत. हा कठडा साधारणतः इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला मानतात; पूर्व तोरण धनभूती नावाच्या राजाने शुंगांच्या राज्यात उभारले, असे त्यावरील लेखच सांगतो.

आता या शिल्पाविषयी प्रचलित असलेली दोन मते पाहू. पहिले मत कलेतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतले. भारहुत ही सांचीच्या तोरणांची अलीकडची पायरी. येथे कारागिराचा हात अजून अवघडलेला आहे, आकृत्या ताठ आहेत, खोलीची जाण नाही. दुसरे मत समारंभांतील भाषणांतले. भारहुत म्हणजे आमच्या प्राचीन वैभवाची साक्ष. पहिले मत शिल्पाला विद्यार्थ्याच्या जागी बसवते, दुसरे त्याला देव्हाऱ्यात बसवते. दोन्ही मतांचा फायदा एकच, की ती बाळगली म्हणजे दगडाजवळ जाऊन पाहण्याची गरज उरत नाही.

पहिल्या मतातील सत्य आम्ही नाकारीत नाही. भारहुतच्या गर्दीच्या दृश्यात मागची माणसे पुढच्या माणसांच्या डोक्यांवर ठेवल्यासारखी दिसतात. मोठ्या यक्ष-यक्षिणींच्या मूर्ती खांबाला पाठ लावून उभ्या आहेत आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणींच्या चेहऱ्यांवर दुःख किंवा आनंद यांची खूण शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. चुलकोका देवता झाडाला हात आणि पाय गुंफून हत्तीवर उभी आहे. कल्पना विलक्षण लयदार. पण लय अंगात भिनलेली नसून पाठ केलेली वाटते. सांचीच्या तोरणाला टेकलेली वृक्षदेवता पाहिली, की मधल्या काळात हात किती मोकळा झाला हे कळते. इतके मान्य करून आम्ही पुढे जातो.

कारण वर्तुळांत कथा सांगताना हाच कारागीर कमालीचा मोकळा होतो. महाकपी जातकाचे वर्तुळ घ्या. नदीच्या दोन काठांवरील झाडांमध्ये वानरराजाने आपल्या देहाचा पूल केला आहे. त्याच्या पाठीवरून इतर वानर पार होत आहेत. खाली पाण्यात मासे आहेत. त्याखाली काही माणसे एक वस्त्र ताणून धरून उभी आहेत, आणि त्याच वर्तुळात राजा व वानरराज समोरासमोर बसून बोलतही आहेत. दोन वेगळ्या वेळांच्या घटना एकाच चौकटीत मांडताना शिल्पी जराही गोंधळलेला नाही. मृगजातकात तर तीन क्षण आहेत. मृग नदीतून माणसाला पाठीवर घेऊन येतो, राजा धनुष्य सरसावतो, आणि तोच राजा हात जोडून मृगापुढे उभा राहतो. ज्या हाताने बाण लावला तोच हात जोडला गेला, हे सांगायला त्याने एकही रेघ वाया घालवली नाही. आणखी एका वर्तुळात वानरांनी एका धिप्पाड पुरुषाला बसवले आहे व प्रचंड सांडशीने ते त्याचा दात, किंवा काही विद्वानांच्या मते नाकातील केस, उपटीत आहेत. सांडशीला दोर बांधून तो हत्तीकडून ओढवीत आहेत! स्तूपाच्या पवित्र कठड्यावर एवढा विनोद ज्यांना खपत होता, त्या समाजाला ‘आरंभीचा’ व ‘अवघडलेला’ म्हणताना जपून बोलले पाहिजे.

जेतवनाचे वर्तुळ आम्हांला या सर्वांत थोर वाटते. अनाथपिंडिक श्रेष्ठीने राजपुत्र जेताकडून बाग विकत घेतली. किंमत अशी ठरली होती, की बागेची जमीन नाण्यांनी झाकली पाहिजे. शिल्पात गाडीचे बैल सोडलेले आहेत. एकजण गाडीतून नाणी उतरवीत आहे, दोघेजण बसून चौकोनी नाणी जमिनीवर फरशीसारखी मांडीत आहेत. मध्ये श्रेष्ठी दानाचे पाणी सोडण्यासाठी झारी घेऊन उभा आहे. एका बाजूला पाहणाऱ्यांचा घोळका आहे, आणि दोन कुट्या आहेत. ज्याच्यासाठी हे सर्व चालले आहे तो बुद्ध कोठेही नाही. भारहुतच्या कठड्यावर बुद्धाची मानवी आकृती आढळतच नाही. तो सिंहासनाने, बोधिवृक्षाने, चक्राने, पावलांच्या ठशांनी सुचवला जातो. स्वर्गातून उतरण्याच्या प्रसंगी शिडीच्या वरच्या पायरीवर एक पाऊल व खालच्या पायरीवर एक पाऊल आहे. मधला सारा पुरुष प्रेक्षकाने आपल्या मनात घडवायचा. पण गाडी, बैल, नाणी आणि हिशेब हे मात्र अगदी स्पष्ट, मोजता येतील असे आहेत. अध्यात्म मोकळे सोडून व्यवहार रेखीव करणारी ही दृष्टी आम्हां कारकुनी पेशाच्या माणसांना विशेष जवळची वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

या वर्तुळावर अक्षरे आहेत: अनाथपिंडिक कोटी नाणी पसरून घेतलेले जेतवन अर्पण करतो, अशा अर्थाची. कुट्यांवर त्यांची नावे आहेत. अजातशत्रू वंदन करतो तेथे तसे लिहिले आहे. नाचणाऱ्या अप्सरांची नावे प्रत्येकीजवळ कोरली आहेत. यक्षांना व देवतांनाही नावे आहेत. चित्राला शब्दाची जोड देण्याची भारतातील ही फार जुनी उदाहरणे होत. यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो दुबळा नाही. चित्र पुरेसे बोलते असते तर त्याच्याखाली लिहावे का लागले? सांचीच्या तोरणांवरील कथांना अशी नावे नाहीत, म्हणजे तेथे कला स्वतःच्या पायांवर उभी राहिली, असे कुणी म्हणेल.

आम्हांला हा आक्षेप कलेचे एकच एक मानचित्र गृहीत धरणारा वाटतो. चित्र आणि पाहणारा यांच्यामध्ये तिसरे कुणी नसावे, ही कल्पना अलीकडची आहे. भारहुतच्या दात्यांत ‘भाणक’ म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत म्हणणारे भिक्षू आहेत. कठड्याभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्या यात्रेकरूला अशा कुणीतरी बोट ठेवून कथा सांगितली असेल, असे मानायला अडचण नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथी मंडळींचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना चित्र, शब्द आणि सांगणारा यांचे त्रिकूट किती स्वाभाविक असते हे समजावून सांगावे लागणार नाही. चित्रकथ्याचे चित्र एकटे भिंतीवर टांगले तर तेही ताठ व अबोल वाटते. दोष चित्राचा नसतो, सांगणारा निघून गेल्याचा असतो. भारहुतचा ताठपणा हा पुष्कळ अंशी त्या निघून गेलेल्या माणसाची रिकामी जागा आहे, असे आमचे मत बनत गेले आहे.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो सांगण्यासाठी आमच्याच फजितीची एक हकीकत सांगणे भाग आहे.

भारहुतवर दोनशेंहून अधिक लहान लेख आहेत. त्यांचा प्रमाणभूत संग्रह ल्यूडर्स या जर्मन पंडिताने सिद्ध केला, आणि वाल्डश्मिट व आपले म. अ. मेहेंदळे यांनी सुधारून तो १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याहून अधिक लेख कथांचे नसून दात्यांचे आहेत. कुणी स्तंभ दिला, कुणी सूची दिली; देणाऱ्याचे नाव, गाव, क्वचित धंदा किंवा नाते, आणि शेवटी ‘दानं’ हा शब्द. हे पुस्तक चाळताना आम्हांला नाशिकची गोरखिता भेटली: वसुकाची पत्नी, एका स्तंभाची दाती. पुढे करहकट भेटले, म्हणजे विद्वानांच्या मते आजचे कऱ्हाड. तेथील भूतक नावाच्या आर्याचा एक स्तंभ आहे आणि करहकटाच्या निगमाचे, म्हणजे त्या व्यापारी नगराचे, सामुदायिक दानही आहे. मग विदर्भातील भोजकटाची दिगनगा नावाची भिक्षुणी भेटली. परप्रांतात अनपेक्षितपणे आपल्या गावची माणसे भेटावीत, तसा आम्हांला आनंद झाला.

त्या आनंदाच्या भरात आम्ही येथील मराठी मंडळात एक मे रोजी भाषण केले. दोन हजार वर्षांपूर्वीही मराठी माणूस विंध्यापलीकडे कसा पोहोचला होता, हे नाशिक, कऱ्हाड आणि भोजकट या तीन नावांच्या आधारे आम्ही सांगितले. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर मंडळाचे एक वयोवृद्ध सभासद आमच्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “छान बोललात. पण पाटण्याहून, कोसमहून आलेल्या लोकांची नावं का नाही सांगितलीत? ती मंडळी काय कमी अंतरावरून आली होती?” आम्ही काहीतरी उत्तर दिले, काय दिले ते आज आठवत नाही, यावरूनच ते कसे असेल हे वाचकांनी ताडावे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या आई नाशिकहून आमच्याकडे आल्या. काली, दक्षिणेश्वर वगैरे झाल्यावर आम्ही त्यांना मोठ्या हौसेने संग्रहालयात नेले आणि गोरखितेची गोष्ट सांगितली. आईंनी सबंध कठड्यावरून नजर फिरवली आणि विचारले, “अरे, मग तिचा खांब कुठला?” आम्ही म्हणालो, “आई, ते असं चटकन सांगता येणार नाही.” “का? नाव लिहिलंय म्हणालास ना त्यावर?” “हो, पण ती ब्राह्मी लिपी आहे.” आई थोडा वेळ गप्प राहिल्या व मग म्हणाल्या, “वाचता येत नाही, तर इतके दिवस येतोस कशाला रे इथे?”

या प्रश्नातील न्याय आम्हांला अजून टोचतो. आम्ही भारहुतवर भाषण दिले होते, पण भारहुतचे एक अक्षर वाचलेले नव्हते. छापील पुस्तकातून तीन नावे उचलली, आणि तीही आपल्या प्रांताची. पुढे काही महिने आम्ही कचेरी सुटल्यावर तासभर ब्राह्मीची अक्षरे गिरवली. ही लिपी वाटते तितकी दुर्गम नाही. ‘न’ म्हणजे आडव्या पायावर उभी केलेली एक रेघ. त्यावर टिंब दिले की ‘नं’. लेखाच्या शेवटी ही जोडी दिसली की त्याच्या आधीचे अक्षर ‘दा’ असणार, हे धरून मागे मागे सरकत गेले की एखादे नाव हळूहळू उमटू लागते.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ब्राह्मी लिपीचे कुलूप प्रथम उघडले ते याच शहरात आणि याच शब्दाने. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपपुढे १८३७ साली सांचीच्या कठड्यावरील लहान लहान लेखांचे ठसे होते. निरनिराळ्या लेखांच्या अखेरीस तीच दोन अक्षरे येत आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. आणि देवस्थानी दगड देणारा माणूस शेवटी काय लिहील, या विचाराने त्याने तो शब्द ‘दानं’ असा लावला. त्या किल्लीने उरलेली अक्षरे सुटली आणि दिल्लीच्या स्तंभावरील अशोकाच्या आज्ञा वाचता आल्या. चक्रवर्तीचे शब्द जगाला कळले ते सूचीचा एखादा तुकडा देणाऱ्या सामान्य माणसांच्या आधाराने. इतिहासात असे क्वचितच घडते.

अक्षरे थोडीफार लागू लागल्यावर कठडा आम्हांला वेगळा दिसू लागला. पूर्वी आम्ही आकृत्यांपुढे उभे राहत होतो आणि कोऱ्या जागा ओलांडून जात होतो. आता नुसत्या कमळाच्या सूचीपुढेही पाय थबकू लागले. पहिला स्तंभ विदिशेच्या चापदेवेचा, रेवतीमित्राच्या पत्नीचा. पाटलिपुत्राची नागसेना. कौशांबीची भिक्षुणी धर्मरक्षिता. सुलब्ध नावाचा घोडेस्वार. बुद्धरक्षित नावाचा रूपकार, म्हणजे शिल्पीच. दुसऱ्यांच्या पैशांनी दगड कोरता कोरता त्याने स्वतःच्या पदरचाही एक वाटा घातला. आणि ऋषिपालित नावाचे भदंत, जे भाणक तर होतेच, शिवाय ‘नवकर्मिक’, म्हणजे बांधकामावर देखरेख ठेवणारे होते. हे शेवटचे नाव वाचून आम्हांला फार बरे वाटले. एवढ्या गावांतून आलेल्या देणग्यांचा जमाखर्च कुणीतरी ठेवला असेलच. त्या अज्ञात वहीचे काम ज्याच्या देखरेखीखाली झाले असेल, त्याचे नाव दगडावर राहिले.

यावरून आमचे मत असे झाले, की भारहुतचे एकक म्हणजे वाटा. कलासमीक्षक वर्तुळ वेगळे काढून त्याचा विचार करतो, मूर्तिशास्त्रज्ञ यक्षिणी वेगळी काढतो. परंतु ज्यांनी हे उभारले त्यांच्या दृष्टीने हा एक कठडा होता आणि त्यात प्रत्येकाचा एक दगड होता. तोरण राजाचे असले तरी कठडा वर्गणीचा आहे. राजाच्या लेखात आजा-बापाची वंशावळ आहे, गृहिणीच्या लेखात नवऱ्याचे नाव आहे, भिक्षुणीच्या लेखात केवळ गाव आहे. आणि सर्वांचा शेवटचा शब्द एकच आहे. कलेच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. शिल्पांच्या दर्जात जी विषमता पाठ्यपुस्तकांना खटकते, एका स्तंभावर सफाई आणि शेजारच्यावर ओबडधोबडपणा, ती अनेक हातांनी आणि अनेक थैल्यांनी उभ्या केलेल्या कामात यायचीच. तोरणाच्या भागांवर तर खरोष्ठी अक्षरांच्या खुणा सापडल्या आहेत, म्हणजे काही कारागीर दूर वायव्येकडचे असावेत. एकसुरीपणा हा एकाच धन्याच्या कामाचा गुण आहे. भारहुतला अनेक धनी होते.

आणि म्हणूनच आमच्या भाषणातील चूक केवळ शिष्टाचाराची नव्हती, वाचनाची होती. या कठड्यातून नाशिक, कऱ्हाड आणि भोजकट एवढेच उचलून घेणे म्हणजे सार्वजनिक वर्गणीच्या यादीतून आपल्या नातलगांची नावे मोठ्याने वाचून दाखवण्यासारखे होते. गोरखितेला आपण मराठी आहोत हे ठाऊक नव्हते. त्या नावाची भाषा अजून जन्माला यायची होती. तिला एवढेच ठाऊक होते, की दूरवर कुठेतरी एक कठडा होत आहे आणि त्यात नाशिकचाही एक स्तंभ असावा. तिच्या नावाचा अभिमान बाळगायचा तर तो चापदेवा आणि नागसेना यांच्या शेजारीच बाळगला पाहिजे. त्या शेजारातून तिला बाहेर काढले की तिच्या दानाचा अर्थच उरत नाही.

राहता राहिला प्रश्न तुकड्यांचा. भारहुतच्या शिळा कलकत्त्याला नेण्यावर त्या काळीही टीका झाली होती. स्टोनहेंज गाड्यांवर घालून नेण्याशी या कृत्याची तुलना झाली. कनिंगहॅमने आपल्या ग्रंथात उत्तर दिले, की तो आरोप आपण पत्करतो, कारण महत्त्वाची शिल्पे त्यामुळे वाचली; मागे ठेवलेल्यांपैकी जे जे उचलता येण्याजोगे होते ते ते लोकांनी बांधकामासाठी नेले. हे उत्तर वस्तुस्थितीच्या दृष्टीने खरे आहे, आणि तरी ते अपुरे आहे. कठडा प्रदक्षिणेसाठी होता. उजवा हात स्तूपाकडे ठेवून चालत जाणाऱ्याला एकामागून एक कथा व नावे भेटत जावीत, अशी त्याची योजना. आज आम्ही तोरणासमोर उभे राहतो, पण ज्याच्याभोवती फिरायचे तो स्तूपच नाही. वर्तुळाची परिघरेषा उरली आहे आणि केंद्र नाहीसे झाले आहे.

मग या शिळा परत भारहुतला न्याव्यात काय? आमचे काही मित्र तसे आग्रहाने म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. जो स्तूप उरलेला नाही त्याच्याभोवती कठडा परत उभारल्याने केंद्र परत येणार नाही. फक्त एका संग्रहालयाऐवजी दुसरे संग्रहालय, तेही उघड्यावरचे, होईल. तथापि जे परत करता येण्याजोगे आहे ते परत केले पाहिजे, आणि ती म्हणजे नावे. सर्वत्रच्या संग्रहालयांत पाट्यांचा एक ठराविक साचा असतो: वस्तू, दगड, स्थळ, शतक, क्रमांक. आमच्या आवक-जावक वहीतल्या नोंदीसारखाच हा साचा, म्हणून त्याची उपयुक्तता आम्ही जाणतो आणि त्याचा कोरडेपणाही. ज्या दगडाने स्वतःच आपली पाटी कोरून ठेवली आहे, त्याच्याखाली दुसरी पाटी लिहिताना पहिलीचा अनुवाद अगोदर द्यावा, एवढीच आमची मागणी आहे. कमळाच्या सूचीखाली ‘कमळ’ असे न लिहिता, ती कुणी कोठून येऊन दिली हे प्रथम लिहावे. आणि सतना जिल्ह्यातील त्या मूळ जागी, या सर्व दात्यांची नावे व गावे एका भिंतीवर नागरी अक्षरांत कोरून ठेवावीत. त्याला खर्च फारसा येणार नाही, आणि उचलून नेण्याजोगे त्यात काही असणार नाही.

रा. राखालदास बंद्योपाध्याय यांनी १९१४ च्या सुमारास बंगालीत ‘पाषाणेर कथा’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात भारहुतच्या एका शिळेलाच निवेदक करून त्यांनी तिच्या तोंडून इतिहास वदवला आहे. कल्पना सुंदर आहे, आणि पुराणवस्तूंत आयुष्य घालवलेल्या लेखकाला ती सुचावी हे साहजिक आहे. परंतु अक्षरे वाचता येऊ लागल्यापासून आम्हांला वाटते, की भारहुतच्या शिळेला आपण वेगळी वाणी देण्याची गरज नाही. ती जेवढे बोलते तेवढे नेमके आहे: कोण, कुठले, काय दिले. यापेक्षा अधिक बोलणे तिने पाहणाऱ्यावर सोपवले आहे.

गेल्या वर्षी आई पुन्हा आल्या होत्या. गोरखितेचा स्तंभ आम्ही या खेपेसही छातीठोकपणे दाखवू शकलो नाही. झिजलेल्या दगडावर आमचे अर्धवट ज्ञान फार दूर जात नाही. पण एका सूचीवरचा ‘दानं’ आम्ही त्यांना बोटाने, दगडाला न लावता, अक्षर अक्षर करून दाखवला. आईंनी तो आमच्यामागून म्हटला आणि विचारले, “हे कुणाचं?” आम्ही नाव सांगितले. ते नाशिकचे नव्हते. आईंनी हात जोडले.